पणाला लागलेला ‘पण’

वय झालं की माणसाला एखादा तरी शत्रू हवा असतो. नोकरीत असेपर्यंत तो साहेबाच्या रूपानं आयता मिळतो. निवृत्तीनंतर मात्र स्वतः शोधावा लागतो. आमच्या मालवणात कुणी शेजाऱ्याच्या माडाशी वैर धरतो, कारण त्याचे नारळ ह्याच्या कौलांवर पडतात. कुणी गडग्याच्या एका दगडावरून दोन पिढ्या कोर्टात जातो. मला माड नाही, गडगा शाबूत आहे, आणि सूनबाई ठाण्याला राहते. तेव्हा मी एका शब्दाशी भांडायचं ठरवलं. शब्द फक्त दोन अक्षरांचा आहे. बट.

आता तुम्ही म्हणाल, झालं! आणखी एक म्हातारा इंग्रजीच्या नावानं खडे फोडायला बसला. तसं नव्हे हो. इंग्रजी शब्दांशी माझं काही वाकडं नाही. आमच्या बंदरात जेटी आहे, जेटीला लाँच लागते, लाँचला इंजिन आहे आणि इंजिनाला डिझेल लागतं. ह्यातलं एकही अक्षर बदलावं असं मला वाटत नाही. माझ्या रक्तातली साखर डॉक्टर रिपोर्टात बघतात आणि टॅब्लेट देतात. तिच्या जागी ‘वटिका’ दिली तर ती लागू पडणार नाही अशी माझी श्रद्धा आहे. वस्तू ज्यानं आणली त्यानं तिचं बारसं करावं, हा जगाचा न्यायच आहे. पण ‘पण’ ही काही बोटीतून उतरलेली वस्तू नव्हे. तो आमच्याकडे आधीपासून होता. चांगला चालता-बोलता होता. त्याला ओसरीवरून उठवून तिथं ‘बट’ला बसवायचं कुणी आणि कधी ठरवलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

सुरुवात घावण्यांवरून झाली. मे महिन्यात मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू ठाण्याहून आले होते. सकाळी आमच्या हिनं घावणे केले होते, सोबत नारळाचा गोड रस. नातवानं दोन घावणे संपवले आणि म्हणाला,

“आजी, घावणे मस्त आहेत, बट मला रस नको.”

चुलीपाशी आमची आत्या बसली होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, कान शाबूत, दात नाहीत. नातू तिला पणजी म्हणतो. तिनं लगेच वर बघितलं.

“खयची बट? झिलाचे केस वाडले हत काय?”

आणि तिनं त्याला जवळ ओढून कपाळावरची बट खरोखरच तपासायला घेतली. सगळे हसलो. नातू तर इतका हसला की नको असलेला रस त्याला ठसका लागला म्हणून प्यावा लागला. आत्याही हसली. पण मला वाटतं, त्या घरात तिलाच एकटीला हसण्याचं कारण कळलं नव्हतं. आपण म्हातारं झालो की इतर हसतात तेव्हा हसून घ्यावं, एवढंच तिला ठाऊक.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागलो. सून फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “साडी छान आहे, बट महाग आहे.” मुलगा म्हणाला, “निघायचं होतं लवकर, बट झोप लागली.” बाजारात सुरमई घेताना ठाण्याचाच एक पाहुणा कोळणीला म्हणाला, “ताजी आहे, बट मोठी आहे.” कोळीण त्याच्याकडे अशी बघत राहिली, की सुरमईला केस असतात हे तिला आज नव्यानं कळत होतं.

माझी तक्रार ‘बट’ परका आहे ही नाहीच. तो आळशी आहे ही आहे. आमच्याकडे ह्या कामाला एक आख्खं घरदार होतं, ते ह्या एका गड्यानं रिकामं केलं. शाळेत आपण ‘उभयान्वयी अव्यय’ पाठ केलं होतं, आठवतं? त्यात एक पोटजात होती: न्यूनत्वबोधक. काय सुंदर नाव आहे! पहिल्या वाक्यात काहीतरी न्यून आहे, काहीतरी उणं आहे, हे दाखवणारं अव्यय. पण, परंतु, परी, किंतु, बाकी. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ‘पण’ घरातला, उघड्या अंगाचा. ‘परंतु’ अंगरखा घालून कचेरीत जाणारा. ‘बाकी’ पानाचा डबा उघडत बसलेला: “मुलगा हुशार, बाकी उंचीनं जरा कमी.” ह्या ‘बाकी’त मुलाची उंची काढली तरी त्याच्या बापाला राग येत नाही. इथं ‘बट’ घालून बघा, सोयरीक मोडेल.

त्यांच्या शेजारी मग ‘उलट’ राहतो, ‘तरी’ राहतो आणि माझा सगळ्यात लाडका ‘मात्र’. “सगळे जेवले, आत्या मात्र उपाशी राहिली.” बघा, हा ‘मात्र’ वाक्याच्या मध्ये दारवानासारखा उभा राहत नाही. तो आत्याच्या पाठीशी जाऊन उभा राहतो. तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि साऱ्या पंगतीला दाखवतो, ही बघा, ही राहिली. “सगळे जेवले, बट आत्या नाही जेवली” ह्यात बातमी तीच आहे, पण आत्याच्या खांद्यावर हात कुणाचाच नाही.

आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडतात. ती सगळ्याच कालवणांत पडत नाहीत. कशात तिरफळ, कशात सोलं, कशात नुसतं खोबरं, हे घरातल्या बाईच्या हाताला माहीत असतं. उद्या कुणी बाजारातून एकच मसाल्याची पुडी आणून सगळ्या माशांना लावली, तर मासे शिजतील. खाणाऱ्याचं पोटही भरेल. फक्त आपण काय खाल्लं हे त्याला सांगता येणार नाही. ‘बट’ ही ती पुडी आहे.

आणि गंमत अशी, की हा इंग्रजांवरही अन्याय आहे. त्यांच्या घरात ह्या कामाला चमच्यांचं आख्खं कपाट आहे. ऑल्दो आहे, व्हेअरॅज आहे, हाऊएव्हर आहे, नेव्हरदलेस आहे. आणि वकिलांसाठी ‘नॉटविथस्टँडिंग’ नावाचा पळा आहे, जो एकदा घातला की आधीचं सगळं भांडं ढवळून निघतं. आपण त्यांच्या घरी जाऊन आणलं काय, तर दारात पडलेला एक चमचा. इंग्रजी धड घेतलं असतं तरी मी गप्प बसलो असतो.

आमच्या शाळेतले मास्तर ‘ऑल्दो’ शिकवताना छडी घेऊन उभे राहायचे. कारण आम्ही हटकून ‘ऑल्दो’ घालून पुढं ‘बट’ पण घालायचो. मास्तर ओरडायचे, “दोन्ही नकोत! एकच!” आम्ही तरी काय करणार? मराठीत दोन्ही लागतात. “जरी पाऊस पडला, तरी होडी सुटली.” ‘जरी’ म्हणजे वळणाआधीचा हॉर्न आणि ‘तरी’ म्हणजे वळण. फोंडाघाटातला एसटीचा ड्रायव्हर जसा आधी हॉर्न देतो आणि मगच स्टिअरिंग फिरवतो, तशी आपली भाषा आहे. आत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दांडी धरायला वेळ मिळतो. हे शहाणपण आमच्या पूर्वजांनी व्याकरणात घालून ठेवलं होतं, ह्यात मला त्यांचा अनुभव दिसतो. त्यांनी घाट पाहिले होते.

हे सगळं मी आमच्या कट्ट्यावर मांडलं. कट्ट्यावर एक निवृत्त हेडमास्तर येतात. मालवणी माणूस वादाची सुरुवात ‘तसा नाय ता’नं करतो, हेडमास्तर शिकलेले असल्यामुळे ‘तसं नाही ते’नं करतात. म्हणाले, “तसं नाही ते. भाषा बदलतेच. तुम्ही ‘व’ लिहिता ना? तो फारसी. ‘अगर’ लिहिता? फारसी. ‘शिवाय’ म्हणता? तोही अरबी-फारसीच्या वाटेनं आलेला. उभयान्वयी अव्ययं पूर्वीही उसनी घेतलीयत आपण. मग ‘बट’नंच काय घोडं मारलं?”

मी दोन दिवस कट्ट्यावर गेलो नाही. उत्तर शोधत होतो. तिसऱ्या दिवशी सापडलं, आणि ते हेडमास्तरांच्याच पिशवीत होतं.

म्हटलं, गुरुजी, बरोबर. फारसीनं आपल्याला जोडायला ‘व’ दिला, निवडायला ‘अगर’ दिला, वाढवायला ‘शिवाय’ दिला. पण विरोध करायला? त्या दरबारात ‘लेकिन’ होता, ‘मगर’ होता. ते दोघे शेजारच्या हिंदीत गेले आणि तिथं कायमचे स्थायिक झाले. मराठीत त्यांनी बिऱ्हाड केलं नाही. इतक्या शतकांच्या सहवासात आपण सुलतानांकडून जमीन, कागद, वकील, दरवाजा आणि हिशेब सगळं घेतलं. ‘पण’ मात्र आपलाच ठेवला. ह्याचा अर्थ मी असा लावतो, की माणूस दुसऱ्याच्या शब्दांनी ‘हो’ म्हणू शकतो; ‘नाही’ म्हणताना त्याला स्वतःचा शब्द लागतो.

हेडमास्तर म्हणाले, “हा अर्थ तुमचा झाला.” म्हटलं, माझाच आहे, पण पुरावा तुमचा आहे.

तो समोर सिंधुदुर्ग दिसतो ना पाण्यात? १६६४ साली त्याच्या बांधकामाला सुरुवात झाली. तो बांधणाऱ्या राजानंच पुढं राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. त्यात राजवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे. सगळी वस्तूंची, हुद्द्यांची आणि जागांची नावं. नंतर आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात असताना (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला) रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीचा झेंडा उभारला. त्यातूनही नामंच निघाली: महापौर, दिनांक. दोघांनीही ‘पण’ला हात लावला नाही, कारण तो आजारीच नव्हता. औषधं सगळी नामांना दिली गेली, आणि आज दुखणं नेमकं अव्ययाला झालंय.

आणि ह्या भाषेचा पहिला मोठा अभिमान बघा. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत ज्ञानोबांनी मराठीची पैज थेट अमृताशी लावली आहे. त्या ओवीत आधी नम्रपणा आहे, मग पैज आहे. आणि नम्रपणाकडून पैजेकडे जायचा पूल म्हणजे ‘परि’ हे दोन अक्षरी अव्यय. तो पूल काढा, अमृत अलीकडे राहील आणि आपण पलीकडे. पुढं १८९० च्या सुमारास हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्रात कादंबरी लिहायला घेतली, तिच्या नावाचा पहिलाच शब्द ‘पण’. ‘बट लक्षात कोण घेतो’ असं नाव असतं, तर खरोखर कुणीच लक्षात घेतलं नसतं.

इथवर ही नुसती कट्ट्यावरची गजाल होती. हसून सोडण्यासारखी. पण दोन गोष्टी अशा घडल्या, की माझं हसणं जरा कमी झालं.

पहिली गोष्ट एका कागदाची. आमच्या शेजारी एक दादा आहे, छोटी होडी चालवतो. इंजिनासाठी त्यानं कुठंतरी मदतीचा अर्ज केला होता. संध्याकाळी तो इंग्रजी पत्र घेऊन आला. “काकानू, ह्या कागदार काय लिवलेला आसा ता वाचून सांगा.”

मी वाचलं. तुमचा अर्ज तपासला, कागदपत्रं व्यवस्थित आहेत, योजनेच्या हेतूशी तो सुसंगत आहे. पान संपलं. चष्म्यावर वाफ धरली होती म्हणून मी तो पुसायला घेतला.

“म्हणजे झाला मा?” दादानं विचारलं.

“चांगलंच लिहिलंय,” मी म्हटलं आणि चष्मा पुसत राहिलो. तेवढ्यात त्याला बायकोची हाक आली आणि तो आनंदानं पळाला. मी पान उलटलं. दुसऱ्या पानाचा पहिला शब्द होता ‘हाऊएव्हर’. ह्या वर्षीचा निधी संपला होता.

मी काठी घेऊन त्याच्या मागं गेलो. तोपर्यंत तो बाजारात जाऊन इंजिनाचा पाच हजार विसार देऊन, पेढे घेऊन परत येत होता. मला पेढा दिला. तो हातात धरून मी त्याला दुसरं पान सांगितलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “नायच म्हणाचा होता तर पयल्याच पानार सांगूचा नाय?”

बत्तीस वर्षं मी मुंबईत एका कचेरीत अशीच पत्रं लिहिली. आधी तीन ओळी गोड, मग ‘हाऊएव्हर’. तो शब्द सुबक आला की साहेब खूश व्हायचे. ‘हाऊएव्हर’च्या आधीचं सगळं शोभेचं असतं हे आम्हां लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं. ज्याला पत्र जातं त्याला ते ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीनं पत्रातला खरा भाग शोभेच्या भागानंतर, परक्या भाषेतल्या एका शब्दाच्या आड बसलेला असतो. एवढी वर्षं मी त्या पत्रांचा एकच टोक बघितला होता. दुसऱ्या टोकाला पेढा असतो, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

(मराठीत आलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणू नका. मी खटपट करून मराठीत पत्र मागवलं. ते आलं. त्यात लिहिलं होतं, ‘आपला अर्ज विचारार्ह आहे, तथापि…’ दादानं विचारलं, “हो तथापि खयचो? तेच्याकडे जावक व्हया काय?” तेव्हा शुद्ध मराठीवाल्यांनी उगाच गालात हसू नये. दादाच्या दृष्टीनं ‘हाऊएव्हर’ आणि ‘तथापि’ हे एकाच साहेबाचे दोन शिपाई.)

दुसरी गोष्ट माझ्याच घरातली. ती सांगू नये असं ही म्हणते, पण सांगतो.

मुलाच्या मनात हे घर विकायचं आहे. त्याचंही चूक नाही. कौलं दर वर्षी चाळावी लागतात, माझे गुडघे गेलेत, आणि ठाण्याला त्याची दोन खोल्यांची जागा मोठी करायची आहे. आपण सगळ्यांनी तिकडंच राहावं असं त्याला मनापासून वाटतं. एका रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर विषय निघाला. आत्या खांबाला टेकून बसली होती. मुलगा म्हणाला,

“घर विकायचंच असं काही माझं म्हणणं नाही. आजोबांनी बांधलेलं घर आहे, मला कळतं. बट ऑन द अदर हॅन्ड, प्रॅक्टिकली…” आणि पुढं तो इंग्रजीतून बोलत गेला. मी इंग्रजीतून उत्तरं देत गेलो. दहा मिनिटांत आम्ही बापलेकांनी घराची किंमत सुद्धा काढली.

आत्या उठून आत गेली. मला वाटलं, झोपायला गेली. थोड्या वेळानं बघतो तर देवापुढं दिवा लावून हात जोडून उभी. रात्री दहा वाजता दिवा? मी विचारलं तर म्हणाली,

“झिलान सांगल्यान मा, घर विकूचा नाय म्हणान. देवाक सांगाक नको?”

आमच्या गाऱ्हाण्यात दर वाक्यामागं सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या रात्री देवघरात ती एकटीच गाऱ्हाणं घालत होती आणि एकटीच ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती. बाहेर ओसरीवर आम्ही भाव ठरवून बसलो होतो.

आता सांगा, ह्यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. मुलानं सगळं तिच्या देखत सांगितलं. फक्त वाक्य जिथं वळलं, तिथं त्यानं भाषा बदलली. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून म्हाताऱ्या बाईला उतरवलं आणि गाडी पुढं नेली. तिनं वळणापर्यंतचा रस्ता पाहिला आणि समजली, आपण पोचलो. माझा मुद्दा एवढाच आहे. माणसाला हवं ते आपण ‘पण’च्या आधी बोलतो आणि आपल्याला हवं ते ‘पण’च्या नंतर. तेव्हा सगळं इंग्रजी आणा, हवं तर नामं, क्रियापदं, विशेषणं आणा. वळणावरची पाटी मात्र घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत ठेवा. ‘बट’ म्हणण्यानं मराठी मरत नाही. माणूस मागं राहतो.

दुसऱ्या दिवशी मी घरात हुकूमशाही जाहीर केली. लोणच्याची रिकामी बरणी ओसरीवर ठेवली आणि नियम केला: ‘बट’ला एक रुपया, ‘अॅक्च्युली’ला दोन, ‘ऑन द अदर हॅन्ड’ला पाच, कारण त्यात आख्खा हात आहे. वसुलीला नातू. नातवानं हे काम असं मनावर घेतलं, की तो पुढं आयकरात जाईल अशी मला भीती वाटते. तिसऱ्या दिवशी बरणी मोजली. सुनेचे नऊ, मुलाचे सतरा, नातवाचे सहा. आणि माझे तेवीस! मी वाद घातला. “शक्य नाही. मी म्हटलं असेल, बट इतक्या वेळा…” नातवानं शांतपणे हात पुढं केला. चोवीस.

ही म्हणाली, “शत्रू शोधायला इतकं लांब कशाला गेलात?”

पण बरणीचा एक उपयोग झाला. रुपया वाचवायला माणूस बोलण्याआधी क्षणभर थांबतो, आणि थांबला की काय बोलायचं ते त्यालाच ऐकू येतं. चौथ्या रात्री मुलगा आपणहून आत्याजवळ जाऊन बसला. तोंडात ‘बट’ आला होता, तो त्यानं गिळला. मग अडखळत, लहानपणीच्या मालवणीत म्हणाला,

“आजये, घर ऱ्हवाक व्हया, माका कळता. पण माका ता विकूचा असा वाटता.”

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. तिनं पदर खोचला, आणि अर्धा तास असं भांडली की शेजारच्या दादाच्या घरातला दिवा लागला. कौलं कुणी घातली, विहीर कुणी खणली, पन्नास साली तापाच्या साथीत कोण कुठल्या खोलीत निजलं होतं, सगळं काढलं. मुलगाही ऐकून घेईना. त्यानं माझ्या गुडघ्यांपासून पावसातल्या एकटेपणापर्यंत सगळं सांगितलं. किती तरी दिवसांनी त्या घरात दोन माणसं एकाच भाषेत भांडत होती. शेवटी ती म्हणाली, “मिया आसय तवसर नाय. मगे तुमी काय ता बगा.” आणि तो म्हणाला, “बरा.”

प्रश्न सुटला का? नाही. घराचं पुढं काय होईल मला ठाऊक नाही. पण आता घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की कुणाला काय हवंय. आत्या त्या रात्री दिवा न लावता झोपली, आणि मला वाटतं, चांगली झोपली.

हेडमास्तरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातात आणखी एक हत्यार दिलं. इंग्रजी ‘बट’ जुन्या इंग्रजीतल्या ज्या शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘बाहेर’. आणि आपला ‘पण’ आला संस्कृत ‘पुनः’पासून, म्हणजे ‘पुन्हा’. म्हणजे बघा, एकजण विरोध करताना दाराबाहेर जाऊन उभा राहतो. दुसरा विरोध करताना पुन्हा बसून बोलायला येतो. शिवाय आपला ‘पण’ आणखी एक काम करतो, जे ‘बट’ला सात जन्मांत जमणार नाही. ‘मी येतो, पण…’ ह्यात तो आड येतो. आणि ‘मी पण येतो’ ह्यात तोच बरोबर येतो. ज्या शब्दानं भांडायचं, त्याच शब्दानं सोबत करायची, ही सोय दुसऱ्या कुणाच्या भाषेत असेल तर असो. आपल्या भाषेत आहे आणि ती फुकट आहे.

सुट्टी संपली. रिक्षा दारात आली. कणकवलीहून गाडी पकडायची होती. बरणीतले पैसे नातवाला दिले, तर त्यानं ते परत बरणीत ओतले. म्हणाला, “गणपतीला येऊ तेव्हा लागतील. आजोबांचे जास्त होणार आहेत.” आत्या काठी टेकत खळ्यापर्यंत आली. तिनं त्याच्या कपाळावरची बट मागं सारली. ती आता खरोखरच वाढली होती.

“माका तुजी आठवण येतली रे,” ती म्हणाली.

नातवानं तोंड उघडलं. मी सवयीनं बरणीकडे बघितलं. तो म्हणाला,

“मला पण.”

दंड शून्य.